जय भीमचं उत्तर

गिरजाबाईनं माझ्या जय भीमला उत्तर दिलं नाही. भिलाईतल्या रिसालीच्या बाजारात, संध्याकाळच्या ऐन गर्दीत, पालकाच्या एकाच जुडीवर आम्हा दोघींचे हात एकदम गेले. मी जुडी सोडली आणि म्हणाले, "जय भीम, आजी." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. ओळखलं नसेल असं म्हणायला जागाच नव्हती. लहानपणी जिनं आपल्या पदरानं माझं नाक पुसलं ती बाई मला काय विसरणार! ओठ घट्ट मिटून तिनं मान वळवली, पिशवी काखेत मारली आणि पलीकडे मिरच्यांच्या ढिगापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. भाजीवाली विचारत होती, "पालक भाजी लेहू का, दीदी?" मी पैसे दिले आणि पालक तिथंच विसरून स्कूटीपर्यंत आले. उजव्या बरगडीखाली ठोसा बसला तर लगेच काहीच होत नाही. माणूस उभा असतो, समोरच्याकडे बघतही असतो, आणि क्षणभरानं त्याचे गुडघे त्याला न विचारता वाकतात. हे मला ठाऊक आहे, कारण ठोसे देणं-घेणं हाच माझा धंदा. स्कूटीचं हँडल धरून मी तशीच उभी राहिले. मागून एकानं हॉर्न वाजवला तेव्हा कुठे किल्ली फिरवली.

आमच्या वस्तीत जय भीम कुणी अडवून धरत नाही. विहाराच्या पाण्याच्या टाकीवरून ज्या दोन घरांत केस चालू आहे, ती माणसंसुद्धा तारखेला एकाच ऑटोतून जाताना आधी जय भीम करतात आणि मग तोंडं फिरवून बसतात. शेजारणी नळावर भांडल्या, सोयरीक मोडली, कुणी कुणाच्या नावानं खडे फोडले, तरी एवढं चालू राहतं. मग गिरजाबाईनं माझ्यापुरतंच ते का बंद करावं? विचारायची गरज नव्हती. तिची नात आम्रपाली, तिच्या मुलाची, प्रेमानंदची, पोरगी. सत्तावन्न किलोच्या गटात राज्याचा प्रोफेशनल बॉक्सिंगचा बेल्ट माझ्या कपाटात आहे, आणि त्या बेल्टसाठी माझ्याशी लढायचा पहिला हक्क दोन वर्षांपासून आम्रपालीचा आहे. रँकिंगमध्ये ती एक नंबरवर. पण माझ्यासमोर रिंगमध्ये येतात त्या भलत्याच मुली. एक आली होती ती गाडीतल्या जेवणानं उलट्या करत आली. दुसरी तर माझ्यापेक्षा इतकी हलकी होती की वजन करताना तिनं खिशात काहीतरी ठेवलं असणार, असं मला अजून वाटतं. तिला मारताना मला शाळेतल्या मुली आठवत होत्या. मी स्मृति नगरातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते, तिथे सातवीत अशाच मनगटांच्या मुली असतात. ती खाली बसली, रेफरीनं माझा हात उचलला, फटाके वाजले. घरी आल्यावर मी बेल्ट कपाटात टाकला आणि वरून स्वेटर ठेवले.

भय्याजींना विचारलं की ते हसायचे. फाइट लावणारे भय्याजी, रँकिंग काढणाऱ्या मंडळाचे सचिवही भय्याजी, आणि फाइट जिथे होते ते लग्नाचं लॉनही भय्याजींचंच. "अभी उसका मेडिकल बाकी है, बेटा." पुढच्या वेळी, "अभी स्पॉन्सर नहीं मान रहा." त्याच्या पुढच्या वेळी नुसतेच हसले. मी लोकांना सांगायचे, मी तयार आहे, भय्याजींना विचारा. हे वाक्य इतक्यांदा बोलले की ते जिभेवर गुळगुळीत होऊन बसलं होतं. मागल्या उन्हाळ्यात त्यांनी शब्द दिला, या वेळी आम्रपालीच. झालं, विहाराच्या पोरांना तेवढंच पुरे. आमच्या लोकांना सत्कार करायचा तर निकालापर्यंत दम निघत नाही. तारीख पक्की व्हायच्या आत विहारात शाल, पुष्पगुच्छ, तिघांची भाषणं उरकली आणि रिसालीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. मधे ग्लोव्ह्ज घातलेली आम्रपाली, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, आणि त्या रांगेत टाय लावलेले माझे बाबा. टायचा फोटो त्यांच्या निवृत्तीच्या वेळचा. मग फाइट दुसऱ्याच मुलीला गेली आणि फ्लेक्स तसाच राहिला. उन्हानं आम्रपालीचे लाल ग्लोव्ह्ज गुलाबी झाले. रोज शाळेत जाताना मी त्याच्याखालून जाते, आणि सिग्नल नसतानाही तिथे माझी स्कूटी हळू होते.

त्या संध्याकाळी मात्र मी फ्लेक्सखाली थांबलेच. आम्रपाली आणि मी विहाराच्या हॉलमध्ये एकत्र शिकलो. पंखा बंद, दारं उघडी, वंदना झाल्यावर सतरंज्या गुंडाळायच्या आणि त्याच जागी सरावाच्या रबरी पट्ट्या अंथरायच्या. ती डावखुरी. तिचा डावा हात निघालेला दिसतच नसे, पोहोचलेला कळे. एकदा तो माझ्या बरगडीत बसला होता, आणि मी आठवडाभर उजव्या कुशीवर झोपू शकले नाही. आईला सांगितलं जिन्यावरून पडले. बेल्ट आल्यानंतर आम्ही एकमेकींशी सराव केलाच नाही. कुणी ठरवलं नव्हतं. ती सकाळी यायला लागली, मी संध्याकाळी. फ्लेक्समधली ती माझ्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडे बघत होती, तरी मला तिच्या डाव्या हातावरून नजर काढता येईना. मी घाबरते का? घाबरत नसेन, तर फाइट दुसऱ्या मुलीला गेल्याचं कळलं त्या दिवशी मला इतकी गाढ झोप का लागली? गिरजाबाईनं माझ्यात हेच बघितलं असणार. म्हाताऱ्या बायकांना दिसतं, असं वाटून मला रागच आला. तिचा, माझा, भय्याजींचा आणि त्या टाय लावलेल्या फोटोचासुद्धा, त्याचा काय संबंध हे कळत नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ गिरजाबाईच्या दारात. म्हटलं, काय शिव्या द्यायच्या त्या तोंडावर दे, पण मान वळवू नकोस. ती अंगणात बाजेवर बसली होती. मला बघितलं आणि पुन्हा तेच! ओठ मिटले, गाल आत ओढले, हातानं बस म्हणून खुणावलं आणि ती चटचट मोरीकडे गेली. चुळा भरल्याचा आवाज आला. पदरानं तोंड पुसत बाहेर आली, आधी फाटकाकडे बघितलं, मग घरात डोकावून बघितलं.

"आजी," मी उभ्यानंच म्हणाले, "काल बजारात मी जय भीम केला. तुमी बोलल्याच नाई. कावून?"

"हळू बोल वं. आमरपाली जिमले गेली, पन शेजारी कान लावून बसल्या रायते." ती माझ्या अगदी जवळ आली. "विहारात सांगशीन त नाई?"

"काय?"

"तोंडात खर्रा होता."

बुद्ध पौर्णिमेला गिरजाबाईनं भर विहारात उभं राहून खर्रा सोडला होता. नशा न करण्याचं पाचवं शील घेते म्हणाली होती, भन्तेजींनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या आणि मीही वाजवल्या होत्या. "सोडला होता न बाप्पा," ती म्हणाली, "पंधरा रोज सोडला. मंग प्रेमानंद भिलाई-तीनवरून ड्यूटी करून आला. तिथं टेसनापाशी एक नागपूरवाला घोटून देते. त्याच्या खिशात पुडी दिसली. आता सुपारी, चुना, तंबाखू, सारं घोटून तयार असल्यावर मानूस काय करन? काल तोंड उघडलं असतं त पुरा खर्रा भाजीवालीच्या पालकावर गेला असता. अन तुया नाकाले वास लागला असता थो वेगळा."

मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही. रात्रभर छातीवर घेऊन बसले होते ते ओझं म्हणजे एक खर्र्याची पुडी! मी बाजेवर बसले. गिरजाबाई खालमानेनं बघत होती, पकडलेल्या मुलीसारखी. मी म्हणाले, "मले वाटलं, आम्रपालीच्या फाइटवरून तुमी रागावल्या."

"रागावली न. पन तुयावर कायले? तुया बापावर."

"बाबांवर?"

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुले मालूमच नाई म्हन. मी म्हनतच होती, पोरीले मालूम नसन." आणि तिनं सांगितलं. शब्द दिल्यावर भय्याजी फिरले ते आपल्या मनानं फिरले नव्हते. माझे बाबा, टिकाराम, आणि विहारातली दोनतीन जाणती माणसं त्यांच्याकडे गेली होती. हात जोडून. "म्हने, एकाच विहारातल्या पोरी हायेत, आपसात भिडवू नका. लोक तमाशा पाह्यतीन. एक जिंकन, एक हारन, वस्तीचे दोन तुकडे होतीन. भय्याजीले त आयतंच भेटलं. प्रेमानंदले बी सांगतलं त्याईनं, समाजासाठी चूप राय म्हने. समाजाचं नाव घेतलं का मानूस चूपच बसते. मी म्हनलं टिकारामले, अरे, लाइनीत उभ्या पोरीले तू लाइनीतून काढून राह्यला, अन वरतून फलेक्सवर शुभेच्छा देऊन राह्यला!"

घरी जाताना मला राग यायला हवा होता, पण आधी आठवले ते बाबांचे बूट. मी दहाएक वर्षांची असेन. ते एका खाजगी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर होते, आणि फोरमनची जागा त्यांना मिळणार हे इतकं पक्कं होतं की आईनं सकाळीच चणाडाळ भिजत घातली होती. जागा मालकाच्या साडूच्या मुलाला गेली. बाबा घरी आले ते बुटांसकट खाटेवर बसले. आमच्या घरात चपला-बूट दाराबाहेर, हा नियम त्यांचाच. आईनं खाली बसून त्यांच्या नाड्या सोडल्या, आणि ते भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "माया नंबर होता." पुरणपोळ्या झाल्याच, कारण डाळ भिजलेली होती. आम्ही त्या गुपचूप खाल्ल्या. पुढे कित्येक वर्षं कुठेही रांगेत कुणी मधे घुसलं, रेशनच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या, तर बाबा असे तापत की आम्हालाच लाज वाटे. त्याच माणसानं हात जोडून एका मुलीचा नंबर घालवला, आणि तोही माझ्यासाठी, मला न विचारता. चौकात फ्लेक्सखालून जाताना मी त्यांच्या टायकडे बघितलं. सुरकुतलेल्या फ्लेक्समुळे ते हसताहेत की नाही कळत नव्हतं.

बाबा ओट्यावर टेबलफॅन उघडून बसले होते. मी विचारलं, "भय्याजीकडं तुमी गेलते?" त्यांनी आधीच घट्ट बसलेला स्क्रू आणखी आवळला.

"समाजाच्या दोन पोरी हायेत, उन्नती. आपसात फोडाफोडी कायले..."

"तुमचा नंबर होता न, बाबा? तेव्हा?"

त्यांचा हात थांबला. मी त्यांना फार जोरात मारलं हे मला कळलं. पण मागे घ्यायची माझी तयारी नव्हती. आत आईनं कुकरची शिटी होऊ दिली आणि गॅस बारीक केला, म्हणजे ती ऐकत होती. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तुले मारते."

"कोन?"

"आम्रपाली. मी सकाळी फिराले जातो न, तिले विहाराच्या खिडकीतून पाह्यतो. तिचा डावा हात लय फास्ट झाला. तू हारशीन, बाई. तुया हातातून बेल्ट गेलेला मले पाहवनार नाई. समाज-फमाज मी मागून लावला."

किती बरं वाटलं, कसं सांगू! दोन वर्षं जे वाक्य मी स्वतःपासून चोरून ठेवलं होतं, ते बाबांनी टेबलफॅनच्या पात्यांशेजारी उघड्यावर ठेवलं. ते ऐकून काही कोसळलं नाही. आत कुकरची दुसरी शिटी झाली. मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि हसायला लागले, आणि बाबा घाबरून आईला हाक मारायला लागले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, नंतर रागावलेही, चार दिवस नीट बोलले नाही. पण त्या घटकेला मला फक्त भूक लागली होती. फाइटचं वजन सांभाळायचं म्हणून सोडलेला भात मी त्या रात्री दोनदा वाढून घेतला.

भय्याजींच्या ऑफिसात काचेच्या टेबलावर लग्नपत्रिकांचे नमुने पसरलेले असतात. त्यांच्यावरच मी बेल्ट ठेवला. म्हणाले, "भय्याजी, अगली फाइट आम्रपाली से. पंच बाहर के. नहीं तो ये आप रख लो."

त्यांनी बेल्टखालच्या पत्रिका ओढून काढल्या. "पापा से पूछा?"

"पूछा."

"देख बेटा, मैं झूठ नहीं बोलूँगा. तेरे पापा लोग आए, मेरा भी काम आसान हो गया. तू जीतती रहती है तो पोस्टर वही चल जाता है, स्पॉन्सर भी वही." मग त्यांनी कपाळ चोळलं. "दोनों रिसाली की... टिकट तो बिकेगा. लेकिन हार गई तो मेरे पास रोने मत आना."

"नहीं आऊँगी," मी म्हणाले, आणि लगेच कळलं की हे खरं आहे.

लॉनवर आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं होतं. नवरी ज्या फुलांच्या कमानीखालून आली असेल तिच्याखालूनच मी रिंगकडे गेले, खुर्च्यांना अजून सॅटिनच्या फिती बांधलेल्या होत्या. वस्तीचे दोन तुकडे होतील म्हणून ज्यांना धास्ती होती ती सगळी माणसं एकाच रांगेत चिकटून बसली होती. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या हे न कळल्यानं त्यांनी दोघींसाठी वाजवल्या, आणि रेफरीसाठीही. बाबा बसले नव्हते, खांबाला धरून उभे होते. आम्रपालीनं ग्लोव्ह माझ्या ग्लोव्हला लावला. घंटा झाली. आम्ही एकमेकींभोवती फिरलो, विहाराच्या हॉलमध्ये फिरायचो तशाच, आणि तिचा डावा हात निघालेला मला दिसला नाही. नाकावर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं, रक्ताची चव आली, आणि त्या पांढऱ्यात मला पहिल्यांदा जाणवलं की मी श्वास घेते आहे, पूर्ण, पोटापर्यंत. एवढंच होतं तर! मग मीही मारलं. मधल्या राउंडमध्ये तिची भुवई फुटली, ती एकदा गुडघ्यावर गेली, उठली. शेवटी शेवटी आम्ही दोघी एकमेकींना टेकून उभ्या होतो आणि रेफरी आम्हाला सोडवत होता. मी मनापासून लढले, हे मला सांगायलाच हवं, कारण वस्तीत काहीजण म्हणतात उन्नतीनं जाणून सोडली. खोटं आहे. दोन पंचांनी तिला दिली, एकानं मला. रेफरीनं आमची मनगटं धरली, आणि माझं मनगट खालीच राहिलं.

बाबांनी रिंगपाशी येऊन माझ्या नाकाला टॉवेल लावला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मस्त लढली. मस्त लढली बाई तू." मला त्यांना खाटेवर बसवून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडाव्याशा वाटल्या. बेल्ट तिच्या कमरेला मोठा होत होता, ती तो एका हातानं सावरत माझ्यापाशी आली. भुवईवर पट्टी, एक डोळा मिटलेला.

"रीमॅच चाहिए?"

"चाहिए."

"लाइन में लग, दीदी. दोन नंबरवर हायेस तू आता." मग टॉवेलच्या आड तोंड आणून हळूच म्हणाली, "देतो न तुले. तुयासारखं दोन साल बसवून नाई ठेवत."

लागलं ते. ठोशापेक्षा जास्त लागलं. आणि तरीही त्या रात्री मी डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, जशी पडले तशी झोपले. बाबांनी चौकातला जुना फ्लेक्स स्वतः शिडी लावून उतरवला आणि आमच्या कूलरवर उलटा पांघरला. आता येता-जाता आम्रपाली आमच्या अंगणातून उलटी बघत असते, आणि तिच्या वरच्या बाजूला टाय लावलेले बाबाही उलटेच. कपाटातले स्वेटर मी नीट घडी घालून ठेवले. रिकामी जागा दिसली की अजून जरा चुटपुटतं, पण कपाट उघडायला आता जिवावर येत नाही.

नाकाची सूज उतरायच्या आतच मी बाजारात गेले. पालकाच्या ढिगापाशी गिरजाबाई उभी होती, आणि तिचा डावा गाल चांगलाच फुगलेला होता. माझ्या लगेच ध्यानात आलं. शेजारीच बटाट्यांपाशी विहाराच्या सचिवांची बायको पारखून पारखून बटाटे निवडत होती. मी दोन्ही हात जोडले, म्हणाले, "जय भीम, आजी," आणि डोळ्यांनीच खुणावलं की राहू द्या, मला कळलं. ती माझ्या सुजलेल्या नाकाकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, चालत नालीच्या काठावर गेली, आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, नुकताच तोंडात टाकलेला अख्खा खर्रा थुंकून टाकला. सचिवांच्या बायकोच्या हातातला बटाटा तसाच राहिला. गिरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, माझ्यासमोर येऊन हात जोडले आणि पार मिरचीवाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जय भीम, माय. सप्रेम जय भीम." मग ढिगातली एक जुडी उचलून तिनं माझ्या पिशवीत टाकली.